बोरतळीचं पाणी

उदगीरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिद्धलिंगप्पाचं फोटोचं दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव ठळक रंगवलेलं होतं, पण गावात त्याला त्या नावानं कुणी हाक मारत नसे. गाव त्याला थांबप्पा म्हणायचं.

हे नाव त्याला लग्नघरांनी दिलं. अक्षता पडलेल्या असायच्या, मांडवात नवरा-नवरी हार घालून उभे असायचे, पंगतीला पानं मांडून झालेली असायची, आणि हा गळ्यात कॅमेरा अडकवून आभाळाकडे बघत म्हणायचा, "थांबा. ऊन जरा उतरू द्या."

"अहो आप्पा, नवरी सकाळधरनं उपाशी हाय."

"तिच्या डोळ्याखाली काळं येलालंय. थांबा."

"ते काळं रडून आलंय. उन्हानं न्हाई."

मांडव हसायचा. सिद्धलिंगप्पा हसत नसे. त्याच्याकडे फ्लॅश होता, पण तो वापरताना त्याचं तोंड एरंडेल घेतल्यासारखं व्हायचं. बाकीचे फोटोवाले दोन मिनिटांत चार वेळा वीज पाडून पंगतीला बसायचे, आणि लोकांना तेच आवडायचं. पांढरेफटक चेहरे, पाठीमागं भिंतीवर चिकटलेल्या काळ्या सावल्या. लोक अल्बम उघडून म्हणायचे, काय फोटो आलाय! सिद्धलिंगप्पाच्या फोटोत नवरीच्या गालावरून उजेड सरकत हनुवटीखाली मावळलेला असे. लोक म्हणायचे, अर्धं तोंड आलंच न्हाई.

असं वीस वर्षं चाललं होतं.

उजेडाचं हे खूळ त्याला कॅमेऱ्यानं लावलेलं नव्हतं. ते आईनं लावलं, मल्लम्मानं. मल्लम्मा रोज पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायची. ते लिंगायतांच्या घराघरात असतं तसंच होतं, काळं, गुळगुळीत, बोराएवढं. समई ती उजव्या अंगाला, जरा मागं ठेवायची, आणि त्या काळ्या कांतीवर ज्वालेचा एक बारीक ठिपका यायचा. त्या ठिपक्यावर नजर लावून ती अर्धा अर्धा तास पापणी हलवत नसे. सात-आठ वर्षांचा सिद्धलिंग शेजारी बसून तो ठिपका शोधायचा, आणि त्याला तो आईला दिसतो तिथं कधीच दिसायचा नाही.

"अव्वा, तुझा उजेड इकडं हाय, माझा तिकडं हाय."

"उजेड लिंगावर न्हाईच बाळा," मल्लम्मा म्हणाली होती. "लिंगाच्या अन् डोळ्याच्या मधी हाय. तू मान हलीव, मग बघ कसा पळतो ते."

त्यानं मान हलवली, ठिपका पळाला. मान खाली घेतली, विझला. समई तिथंच होती, लिंग तिथंच होतं. एवढंच. पण पुढं आयुष्यभर कॅमेरा हातात घेतला की आधी मान हलवायची, गुडघ्यावर बसायचं, उठायचं, दोन पावलं मागं जायचं, ही सवय त्याला तिथं लागली. वस्तूचा फोटो निघत नाही, वस्तूच्या आणि आपल्या मधे जे चाललेलं असतं त्याचा निघतो, असं त्याचं मत होतं. ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. बायको दानम्मा तेवढी हूं म्हणायची, तेही भाकरी थापताना.

लग्नं आणि रेशनकार्डांचे फोटो यांतून जो वेळ उरे त्यात तो सायकल घेऊन रानात जायचा. ज्वारीचं ताट सकाळी सातला कसं दिसतं आणि नऊला कसं, हे त्यानं टिपून ठेवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं पाहिलं होतं की धुळीनं भरलेल्या आभाळात मावळता सूर्य इतका मवाळ होतो की त्याच्याकडं डोळे न मिटता बघता येतं, कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखा. लोक त्या वेळी खडी फोडत होते. असल्या दिवसात आपल्याला सूर्य सुंदर दिसतो याची त्याला लाज वाटली होती. लाज वाटत असतानाच त्यानं फोटो काढला होता.

ऐंशी साली फेब्रुवारीत सूर्यग्रहण लागलं. शनिवारची दुपार. गाव दारं-खिडक्या लावून आत बसलं, गरोदर बायांना कोपऱ्यात कोंडलं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सिद्धलिंगप्पा दुकानामागच्या चिंचेखाली पांढरं धोतर अंथरून उभा राहिला. झाडाखाली उन्हाचे जे कवडसे पडतात ते पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी गोलच पडतात, हे त्याला कधीचं ठाऊक होतं. तो प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र, हेही त्याला त्याच्या त्याच्या रीतीनं कळलेलं होतं. ग्रहण चढत गेलं तसे धोतरावरचे कवडसे एका बाजूनं कुरतडले गेले, आणि पावणेचारच्या सुमाराला सगळ्या धोतरभर शेकडो बारीक चंद्रकोरी उमटल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. त्यानं बारा फोटो काढले.

त्यातला सगळ्यांत चांगला त्यानं मोठा करून दुकानाच्या काचेत लावला.

"कशाचा फोटो म्हणावा आप्पा? माशाचे खवले हायत का?"

"सूर्य आहे तो. ग्रहणातला."

"इतके?"

"प्रत्येक ठिपका सूर्यच."

"इतके सूर्य असते तर आपण वाचलो असतो का आप्पा? एकानंच जीव काढलाय."

महिनाभरानं त्यानं तो फोटो काचेतून उतरवला आणि तिथं उशीवर पालथं घातलेल्या एका गोंडस बाळाचा लावला. बाळाची चौकशी खूप झाली.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. आपलं उदगीर जुन्या जिल्ह्यातून नव्यात गेलं, आणि लोकांना वाटलं आता सगळं जवळ आलं. जवळ आलं हे खरं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत सुरू झाल्या. कुणाच्या माडीवर एक खातं, कुणाच्या स्वयंपाकघरात दुसरं. ओट्यावर फायली, मोरीत जुनी टेबलं. पाट्या नव्या होत्या, त्यांच्या रंगाचा वास जात नव्हता. कागद मात्र जुन्या ठिकाणी राहिलेले. गठ्ठे येत होते, यायचे होते, येतील म्हणत होते.

जिल्ह्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला काही उत्साही मंडळींनी समिती करून स्मरणिका काढायची ठरवली, आणि फोटो मागवले.

त्याच वैशाखात सिद्धलिंगप्पा बोरतळीला एका लग्नाला गेला होता. बोरतळी म्हणजे शंभर उंबऱ्यांचं गाव, आणि गावापेक्षा मोठं तळं. तळं निजामाच्या काळातलं, गाळानं भरून परातीसारखं सपाट झालेलं. दिवाळीपर्यंत त्यात पाणी टिकायचं, संक्रांतीला चिखल, शिमग्यानंतर भेगाळलेली काळी माती. लग्न लागलं, त्याचं थांबा-थांबा झालं, आणि दुपारी एकच्या उन्हात तो सायकल हातात धरून तळ्याच्या कडेनं निघाला. भोवळ येईल असं वाटलं म्हणून तो एका बाभळीच्या बुडाशी टेकला.

बसल्यावर त्याला ते दिसलं. समोर तळं भरलेलं होतं. पलीकडच्या काठावरची तीन शिंदीची झाडं पाण्यात उलटी उभी होती, एक म्हैस आठ पायांनी चालत होती, चार वर आणि चार खाली. तो उठून उभा राहिला तसं पाणी दूर सरकलं. बसला तसं जवळ आलं. त्यानं मान हलवली आणि त्याला आईचा तळहात आठवला.

मग तो उपरणं घडी करून तापलेल्या मातीवर पालथा पडला, हैदराबादहून आणलेली जुनी लांब लेन्स लावली आणि पोट भाजेपर्यंत फोटो काढत राहिला. भर दुपारी फोटो काढणारा इसम नव्हता तो. दुपारचं ऊन सावली खातं, उंचसखल सगळं सपाट करतं, दुपारी फक्त फोटोवाला मूर्ख दिसतो, असं तो म्हणायचा. पण ही गोष्ट दुपारचीच होती. सकाळी ती जन्माला येत नाही आणि संध्याकाळी जगत नाही.

तो फोटो त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो होता. पाण्याला पाण्यासारखी लकाकी होती, आणि तरी जरा निरखून बघणाऱ्याला कळलं असतं की शिंदीची खोडं मधे थरथरतायत, म्हशीचं पोट हवेत तुटलंय. आपल्या डोळ्याला जे दिसतं ते कुठं असतं, हा प्रश्न त्या फोटोत होता. त्यानं तो समितीला पाठवला. पाठीमागं फक्त लिहिलं: बोरतळी. वैशाख. दुपारी एक.

एवढंच लिहिलं ही त्याची चूक. मृगजळ हा एक शब्द लिहिला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण तो शब्द लिहिणं म्हणजे कोड्याखाली उत्तर छापणं, असं त्याला वाटलं. वैशाखात, दुपारी एकला, एवढं पाणी? असं कुणीतरी विचारील, अशी त्याची आशा होती. विचारायला कुणी पत्र टाकील. तो उत्तराची तयारी करून बसला होता.

कुणी विचारलं नाही. स्मरणिकेत फोटो अख्ख्या पानावर आला. खाली छापलं होतं: जलसमृद्ध जिल्हा — बोरतळीचा विस्तीर्ण तलाव.

तो दोन दिवस धुसफुसला. दुरुस्तीचं पत्र लिहायला बसला आणि अर्ध्यावर सोडून दिलं. खरं सांगायचं तर अख्खं पान मिळाल्याचा आनंद त्या रागाच्या बुडाशी होता, आणि पत्र लिहून तो आनंद सांडायला तो तयार नव्हता. स्मरणिकेची प्रत त्यानं दुकानात दर्शनी ठेवली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणावं असा आला. पुढच्या चैत्रात एक दिवस सकाळी साठीची एक उंच, काटक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर घट्ट, हातात चौघडी घातलेला चकचकीत कागद.

"थांबप्पा म्हणतेत ते तुमीच का?"

"सिद्धलिंगप्पा."

"तेच की." तिनं कागद उलगडून गल्ल्यावर ठेवला. स्मरणिकेचं पान होतं. "हे पाणी कुटलं हाय?"

"बोरतळीचं."

"मी बोरतळीचीच हाय. धुरपताबाई. चाळीस सालं झाली लग्न होऊन येऊन. चैताच्या म्होरं त्या तळ्यात मला ओंजळभर पाणी दिसलं न्हाई. तुमाला तळंभर कुटं सापडलं?"

धुरपताबाई बौद्धवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळापासून तिच्यामागं चाळीस-पन्नास बायांची टोळी असायची. खडी, रस्ता, बंधारा, मिळेल त्या कामावर ती टोळी घेऊन जायची. लिहिता येत नव्हतं, पण हजेरीपटावर कुणाचा अंगठा कुठं आहे हे ती लांबून सांगायची. तिनं सांगितलं ते असं. बोरतळीनं तळ्यातला गाळ काढायचं काम मागितलं होतं. काम मिळालं तर बायांना खडी फोडायला चार कोस जावं लागणार नाही, आणि गाळ निघाला तर पुढच्या पावसाचं पाणी शिमग्यापुढं टिकेल. पण मृगाच्या आत झालं तरच. गाळाचं काम कोरड्या तळ्यातच निघतं. आणि कचेरीत म्हणे तळ्यात पाणी आहे.

"ओव्हरसियर येऊन बघंना का?" सिद्धलिंगप्पा म्हणाला.

"आला हुता. दुपारी. जीपमधून उतरला न्हाई. सडकंवरनं बघितलं, म्हनला, बाई, पाणी तर हाय की. मी म्हनलं, साहेब, त्या झळा हायत. त्यो म्हनला, फोटूत पन हाय."

सिद्धलिंगप्पानं गल्ल्यावरचं पान आपल्याकडं ओढून घेतलं.

"तुमी म्हना, आप्पा. चला कचेरीत अन् सांगा. तुमीच आनलाव पाणी, तुमीच न्ह्या."

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं जिल्ह्याच्या गावी गेली. छोट्या तलावांची ती कचेरी एका भाड्याच्या घरात मागच्या खोलीत होती. तिथल्या कारकुनाच्या, रामकिशन भाऊसाहेबाच्या टेबलाशेजारी पाळण्याच्या कड्या अजून छताला लोंबत होत्या. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. धुरपताबाईला त्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. पण फाईल उघडून त्यानं दाखवली तेव्हा तिच्यात दोनच कागद होते: बोरतळीचा अर्ज आणि स्मरणिकेचं पान.

"तळ्याची जुनी मापं, नोंदी, काही नाही?" सिद्धलिंगप्पानं विचारलं.

"जुन्या जिल्ह्यात असतील. गठ्ठा यायचाय. नव्या जिल्ह्यात बोरतळीचं असं हे एकच कागदपत्र. अन् ते तुमचंच."

"ते पाणी नाही, भाऊसाहेब. ते मृगजळ आहे."

रामकिशन भाऊसाहेबानं पान जवळ घेतलं, लांब धरलं. "शिंदीची सावली पडलीय की पाण्यात."

"सावली नव्हे, प्रतिबिंब. तेही खोटं. म्हणजे खोटं नव्हे... जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापते, वरची त्यामानानं थंड. उजेड सरळ यायचा तो वाकून येतो. आभाळ जमिनीवर दिसतं. आपल्याला आभाळ दिसत असतं भाऊसाहेब, पाणी नाही."

"आप्पा, तुम्ही आभाळ म्हणता, फाईल पाणी म्हणते. मी काय करू? वर साहेबापुढं मृगजळ हा शब्द मी कुठल्या रकान्यात लिहू?" त्यानं रकाने दाखवले. पाणीसाठा: आहे, नाही. "पुरावा आणा. सोमवारपर्यंत यादी बंद होते."

"आणतो," सिद्धलिंगप्पा म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं कुणी उजेडाचा पुरावा मागत होतं. परतीच्या बसमधे तो हुरूप आल्यासारखा बोलत राहिला. धुरपताबाई खिडकीला डोकं लावून झोपून गेली होती.

बोरतळीला तो शुक्रवारी भर दुपारी पोचला. धुरपताबाईनं आपल्या जावेला, पारूबाईला, डोक्यावर घागर देऊन तळ्यात दीडशे पावलांवर उभं केलं. सिद्धलिंगप्पा गेल्या वर्षीसारखा पालथा पडला, नेम धरला, फोटो घेतला आणि धुरपताबाईला म्हणाला, "या, बघा."

साठीची बाई लुगडं सावरत मातीवर पालथी पडली. गावातली चार माणसं हसली. तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला.

"अगं माय. पारूला पाय न्हाईत."

"गुडघ्यापासून आभाळ दिसतंय तुम्हाला."

"पारू," तिनं हाक मारली, "बुडलीस गं. पवता येतंय का?"

"काय करलालाव तुमी दोगं तिकडं?" पारूबाई लांबून ओरडली. "मी हितं भाजून राहिले."

मग सिद्धलिंगप्पा तिला तळ्याच्या बांधावर घेऊन गेला. बांध दोन पुरुष उंच. वर चढून दोघांनी वळून बघितलं. पाणी गेलं होतं. पारूबाई, तिचे दोन पाय, पायाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी भेगांची माती. त्यानं दुसरा फोटो घेतला. घड्याळात बघितलं; दोन फोटोंमधे पंधरा मिनिटं गेली होती.

"वाकून बघितलं तर पाणी," धुरपताबाई म्हणाली, "वर चढून बघितलं तर माती."

"हाव."

"मग त्यात काय कळंना त्यांना? साहेबाला वर चढवा."

सिद्धलिंगप्पा तिच्याकडं बघत राहिला. गावात, दुकानात, मांडवात, पुस्तकं वाचलेल्या माणसांनाही त्यानं हे सांगून पाहिलं होतं. ते या बाईला एकदा पालथं पडून आणि एकदा बांध चढून कळलं होतं. त्याला वाटलं, आता कुणालाही कळेल.

सोमवारी सकाळी दोन मोठे फोटो घेऊन तो रामकिशन भाऊसाहेबासमोर बसला. धुरपताबाई आत आली नाही, पायरीवर बसली. घरातून आणलेली भाकरी तिनं सोडली नव्हती. भाऊसाहेबानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

"ही तीच बाई?"

"तीच. तीच जागा, तीच दुपार. हा पालथं पडून, हा बांधावरून. पंधरा मिनिटांचं अंतर."

"एकात बाई पाण्यात उभी हाय. दुसऱ्यात कोरड्यात."

"तेच तर दाखवतोय."

"म्हणजे पंधरा मिनिटांत तळं आटलं असं लिहू?"

"भाऊसाहेब, तुम्ही उठा. चला माझ्याबरोबर, बांधावर चढा, चार पावलं."

"जीप एक, तळी शंभर, अन् आज यादी बंद. मी उठलो तर बोरतळी जाईल अन् बाकीची नव्याण्णव पण जातील." तो हे चिडून बोलला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला. "आप्पा, माझं ऐका. मला तुमचं पटतंय. माझ्या गावाकडं पण झळा दिसतात. पण हे दोन फोटो मी फाईलीत लावले तर वरचा माणूस लिहील, छायाचित्रे परस्परविरोधी, आणि अर्ज परत. फोटोनं फोटो खोडता येत नाही. पहिला फोटो रद्द झाला पाहिजे. तो तुमचा हाय. तुम्ही लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की स्मरणिकेतलं छायाचित्र खोटं हाय."

सिद्धलिंगप्पानं कागद पुढं ओढला आणि लिहिलं: सदर छायाचित्रात दिसणारे पाणी हे तापलेल्या हवेमुळे उजेड वाकून झालेला आभास असून... भाऊसाहेबानं वाकून वाचलं, मान हलवली. दुसरा कागद घेतला. सदर छायाचित्रात पाणी नसून आकाश... तोही नाही.

"आभास, आकाश, कशाला? एक ओळ. छायाचित्र खोटे आहे, त्यावर विसंबू नये. खाली सही."

"खोटं नाही ते," सिद्धलिंगप्पा म्हणाला. आवाज चढला हे त्याचं त्यालाच कळलं. "पाणी खोटं असेल. फोटो खोटा नाही. ओव्हरसियरला दिसलं, मला दिसलं, त्या बाईनं परवा बघितलं. जे दिसतं तेच हाय त्यात. मी काडीची लबाडी केलेली नाही. माझ्या बाकीच्या सगळ्या फोटोंना खोटं म्हणा. नवरीला गोरं केलंय, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या पुसल्यात, ते म्हणा. ह्याला नका म्हणू."

भाऊसाहेबानं घड्याळाकडं बघितलं, मग दाराकडं. दाराच्या चौकटीत धुरपताबाईची पाठ दिसत होती. ती वळून बघत नव्हती. ऊन पायरीवर चढत आलं होतं, आणि ते तिच्या पायाशी येऊन टेकलं तसे तिनं पाय आत ओढून घेतले.

सिद्धलिंगप्पाला मल्लम्माचा तळहात आठवला; पण त्याचा त्या खोलीत काही उपयोग नव्हता. मान कितीही हलवली तरी कागद कागदाच्या जागी होता. त्यानं तिसऱ्या कागदावर लिहिलं, छायाचित्र खोटे आहे, त्यावर विसंबू नये. मी काढलेले आहे. खाली सही केली. अक्षर चांगलं आलं, याचाही त्याला राग आला.

"अन् हे दोन?" त्यानं विचारलं.

"न्या घरी. हे लावले तर परत घोळ."

काम मंजूर झालं. जिल्ह्याच्या पुढच्या वाढदिवसालाही स्मरणिका निघाली, पण त्याच्याकडं फोटो मागायला कुणी आलं नाही. एका ओळखीच्यानं सांगितलं की समितीत म्हणे कुणीतरी बोललं, त्यांचे फोटो नकोत, त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.

पण त्याआधीची, वैशाखातली एक दुपार सांगायची राहिली. गाळाचं काम निम्मं झालं होतं. रामकिशन भाऊसाहेबाचा निरोप आला की फाईलीला कामाचा एक फोटो हवा: कोरडं तळं आणि मजूर, दोन्ही स्पष्ट. सिद्धलिंगप्पा गेला. मजुरांना बाराला सुट्टी होत होती, त्या वेळीच सगळ्या बाया एका जागी मिळणार. तळ्यात पाऊल टाकल्याबरोबर त्याला ते लांबवर दिसलं. पन्नास बाया पोटरीभर पाण्यात उभ्या, टोपल्या डोक्यावर, आणि पाण्यात पन्नास उलट्या बाया. गुडघे आपोआप वाकले. तो तसाच क्षणभर अर्धवट वाकून राहिला, मग सरळ झाला आणि बांधाकडं चालू लागला.

बांधावरून त्यानं सगळ्यांना ओळीनं बसायला सांगितलं. ऊन डोक्यावर होतं. पदरांच्या खाली चेहऱ्यांच्या जागी काळी भोकं होती, माती पांढरी पडली होती, भेगांना सावली नव्हती, खणलेला खड्डा खड्डा वाटत नव्हता. त्यानं एक फोटो घेतला आणि झाकण लावलं.

"झालं?" पारूबाईनं खालून विचारलं.

"झालं."

"आज थांबा म्हनले न्हाईत."

बाया हसल्या. तो सायकलवर बसून निघून गेला.

फोटोच्या दोन प्रती काढल्या, एक फाईलीला, एक बोरतळीला. आठ दिवसांनी धुरपताबाई बाजाराला आली तेव्हा दुकानात टेकली. त्यानं प्रत तिच्या हातात दिली. तिनं फोटो उजेडाकडं धरला, एकेका बाईवरून बोट फिरवत गेली, लुगड्यांवरून, टोपल्यांवरून ओळखत, आणि मधेच थांबली.

"ही मी. पन तोंड कुटं हाय माजं?"

"दुपार होती," तो म्हणाला. "दुपारी तोंड येत नाही."

"मग थांबायचं हुतं की जरा," धुरपताबाई म्हणाली.

तिनं फोटो त्या पानासारखा चौघडी करायला घेतला, आणि सिद्धलिंगप्पानं पुढं होऊन तो तिच्या हातातून काढून घेतला, मोडू नये म्हणून एका पाकिटात घातला, आणि परत दिला.